माणूस कोणत्या अंगावर पडतो

रिव्हॉल्व्हरचं होल्स्टर शिवून घ्यायला आलेला माणूस दुकानात शिरला की आधी मागे वळून बघतो, मग हळू आवाजात बोलतो. मी त्याला पहिल्यांदा लायसन विचारायचो, मग गोळ्या काढायला लावायचो आणि त्यानंतरच हत्यार टेबलावर ठेवू द्यायचो. दुसऱ्याचं हत्यार दुकानात घटकाभरही ठेवून घ्यायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवायचं, पुठ्ठ्यावर हत्याराभोवती पेन्सिल फिरवायची, जाडी मोजायची आणि त्याला हत्यारासकट घरी पाठवायचं. मग त्या मापाचा सागवानी ठोकळा कोरायचा, कातडं कोमट पाण्यात भिजवून त्यावर अंगठ्यांनी दाबत दाबत बसवायचं. वाळलं की कातडं तो आकार विसरत नाही.

रायपूरला सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत मी बत्तीस वर्षं हे काम केलं. माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात डब्यांतल्या सीटा शिवायचे. आरी आणि दोरा मी त्यांच्याकडून उचलला. आधी बॅगा शिवल्या, मग पोलिसांचे पट्टे आणि पट्ट्यांच्या मागोमाग होल्स्टर आलं.

लोकांना वाटतं, होल्स्टर म्हणजे कातड्याची पिशवी. तसं नाही. आत गेलेलं हत्यार उलटं धरून झटकलं तरी पडता कामा नये आणि हात घातला की एका ओढीत बाहेर आलं पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या सवती आहेत, त्यांना एका घरात नांदवणं हेच आमचं कसब. ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा. हौशी गिऱ्हाइकं आतून मखमल लावायला सांगतात, पण मखमल ओल धरते आणि लोखंडाला गंज चढतो. कातडं झाडाच्या सालीवर कमावलेलंच हवं. जंगलात नेणार असाल तर वरून झाकण हवं, नाहीतर काटक्या आणि धूळ आत जाते. पितळी बक्कल तर नकोच, ते उन्हात चमकतं.

हे सगळं मला येत होतं आणि चांगलं येत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी फारशी शोभा नाही.

विमल माझी बायको. गोंदियाकडचं तिचं माहेर, जंगलाला लागून असलेलं गाव. आमची पोट्टी, म्हणजे मुलगी, कॉलेजात जायला लागली तेव्हा विमलला घरी करमेना, म्हणून ती दुपारी दुकानात येऊन बसू लागली. मीच तिला शिकवलं. एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी जायचं, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. वर्षभरात तिचे टाके माझ्यासारखे झाले. दुसऱ्या वर्षी ते माझ्याहून चांगले झाले. तोवर मला कौतुकच होतं. बायकोचा हात बसला तर घराचंच भलं.

पोटात पहिल्यांदा दुखलं ते एका सराफामुळे. सदर बाजारातलेच शेठ, दिवसभर गादीवर मांडी घालून बसणारे, पोट सुटलेलं. कमरेला रिव्हॉल्व्हर लावायचे. मी त्यांना दोनदा होल्स्टर करून दिलं होतं आणि दोन्ही वेळा ते परत आले होते. "चुभता है भैया," एवढंच म्हणायचे. तिसऱ्या वेळी मी टेप घेऊन त्यांच्या कमरेचं माप घेत होतो तर मागून विमल म्हणाली, "शेठजी, खाली बसा ना. दुकानात बसता तसे."

शेठ जमिनीवर मांडी घालून बसले. विमल त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "आपण उभ्या माणसाचं माप घेऊन राहिलो. हे तर दिवसभर बसून राहतात."

इतकं साधं होतं ते. बसल्यावर त्यांचं पोट पुढे येऊन हत्याराची मूठ बरगडीत घुसत होती. होल्स्टर चार बोटं मागे सरकवलं आणि मूठ जराशी पुढे झुकवली तेव्हा शेठ पुन्हा कधी तक्रार घेऊन आले नाहीत. वीस वर्षं मी माणसांना भिंतीपाशी उभं करून मापत आलो होतो. मी हत्यार मापायचो, ही माणसाचं काम मापायची.

त्यानंतर गिऱ्हाइकं दारातून आत डोकावायची आणि विचारायची, "दीदी हैं क्या?" सिलतऱ्याच्या एका कारखान्याचे मालक यायचे, ते तर मला नमस्कार करून सरळ आतल्या टेबलाकडे जायचे. मी हसायचो. आणि काय काय केलं तेही सांगतो. विमल आत कातडं कापत असताना मी गिऱ्हाइकाला ती बाजारात गेल्याचं सांगायचो. कोणी टाक्यांची तारीफ केली तर मान हलवून ती स्वतःवर घ्यायचो. मोठं गिऱ्हाईक येणार असलं की तिला म्हणायचो, "जा तू घरी, थकली असशील." ती म्हणायची, "मी कायले थकतो?" पण जायची. तिच्या ध्यानात येत नसेल असं मी समजत होतो.

सहा वर्षांमागे, चैत्राच्या सुरुवातीला, वनखात्यातले मरकाम साहेब दुकानात आले. मूळचे राजनांदगावकडचे, मराठी समजायचं, बोलायचे हिंदीत. पन्नाशीचे, सडसडीत, बोलणं मोजकं. त्यांच्या भागात एक अस्वल माणसांवर उलटलं होतं. मोहफुलं वेचायला गेलेल्या दोन बाया त्याने मारल्या होत्या. बेशुद्ध करून पकडायचे प्रयत्न झाले, ते फसले आणि शेवटी वरून मारायची परवानगी आली. शिकार तर कधीचीच बंद झाली आहे, त्यामुळे अशा कामाला हात सरावलेली माणसंही आता थोडी. बंदूक चालवणारा वेगळा होता. साहेब त्याच्यासोबत पायी जाणार होते. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं, लांब नळीचं जड रिव्हॉल्व्हर होतं.

"बंदूक दूर के लिए है," ते म्हणाले. "ये आख़िरी दो क़दम के लिए."

मी भिंतीवरचं माझं सगळ्यात देखणं काम काढून त्यांच्यापुढे ठेवलं. उजव्या कमरेचं, खोल, पूर्ण झाकणाचं, आवाज न करणाऱ्या खिटीचं. जंगलासाठी याच्यापेक्षा चांगलं कोणी करत नाही, असं मी म्हणालो आणि ते खोटं नव्हतं. साहेबांनी ते हातात घेऊन फिरवलं. त्यांना आवडलं होतं.

तेवढ्यात विमल आतून आली. हातातली कातडं कापायची रापी तिने टेबलावर ठेवली आणि विचारलं, "साहेब, अस्वल अंगावर आलं तं माणूस कोणत्या अंगावर पडते?"

साहेबांनी होल्स्टर खाली ठेवलं.

"माझ्या मामाले धरलं होतं," विमल म्हणाली. "मोहाच्या झाडाखाली. अस्वल पळत येते अन् समोर उभं राहून तोंडावरच झेप घेते. मामा उताणा पडला अन् मग कुशीवर वळला, तोंड झाकाले. कमरेची कुऱ्हाड अंगाखाली राहिली त्याच्या. हात पोचलाच नाही."

"मामा बचे?"

"वाचला. तोंड नाही वाचलं."

साहेबांनी कमरेच्या होल्स्टरकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "तो कहाँ होना चाहिए?"

विमलने आपल्या छातीवर तळहात तिरपा ठेवला. "इथं. उताणं पडा, कुशीवर पडा, दोन्हीपैकी एक हात तं पोचनच. बंदुकीचा पट्टा खांद्यावर राहतो, पाण्याची बाटली कमरेले राहते. छाती मोकळी राहते."

साहेब तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते, तसं इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "दुर्बीण गळ्यात असते साहेब, तिचा पट्टा अडकतो." विमल म्हणाली, "दुर्बीण उजव्या काखेत घ्यायची." साहेब हसले आणि म्हणाले, "दीदी जैसा बोलें." मी पुठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हरची रेघ मारून घेतली. दहा दिवसांनी माल न्यायला यायचं ठरलं.

दोन दिवसांनी विमल भाचीच्या लग्नाला गोंदियाला गेली. जाताना छातीवरच्या होल्स्टरचे कागदी नमुने कापून, कुठला पट्टा कुठे येणार ते लिहून ठेवून गेली. "मी येतो तोवर कातडं कापून ठेवा जी," म्हणाली. ते नमुने मी टेबलाच्या खणात टाकले.

ठोकळा कोरला. कातडं भिजवलं. आणि कमरेचं होल्स्टर केलं. आजवर केलेल्या सगळ्यांत सुंदर झालं ते. झाकणाची कड मी तासभर घासून काचेसारखी केली. ते करताना मला त्या जंगलाची किंवा अस्वलाची आठवणही नव्हती. साहेब ते हातात घेतील आणि उस्ताद कोण हे त्यांना कळेल, एवढंच डोक्यात होतं.

लग्न आटोपून विमल यायच्या आदल्या दिवशी मी साहेबांना फोन करून बोलावून घेतलं. होल्स्टर बघून ते थबकले. "ये तो कमर वाला है."

छातीवरच्यापेक्षा हेच बरं असं मला वाटतं, एवढं मी म्हणू शकलो असतो. ते निदान माझं मत झालं असतं. पण माझ्या मतावर ते कमरेचं घेतील याची मला खात्री नव्हती. म्हणून मी म्हणालो, "घरवालीनेच नंतर विचार केला साहेब. जंगलात छातीवरचं हलतं, कमरेचंच बरं म्हणाली."

साहेबांनी मान डोलावली. "दीदी बोलीं तो ठीक है."

म्हणजे माझं काम घेऊन गेले तेही तिच्या नावावर.

विमल आली आणि खणातले न वापरलेले नमुने तिला दिसले. तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "साहेबांनीच नको म्हटलं. घाईत होते." ते नमुने तिने घडी करून आपल्या पिशवीत ठेवले.

पंधरवडाही झाला नसेल. सकाळी विमल दुकानाच्या पायरीवर बसून हिंदी पेपर वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि पेपर माझ्याकडे दिला. अस्वल मारलं गेलं होतं. पण त्याआधी ते झुडपातून साहेबांवर आलं होतं. बंदूकवाल्याला नेम धरायला जागा मिळेपर्यंत अस्वलाने साहेबांना फाडलं होतं. रायपूरच्या दवाखान्यात आणलं आहे, असं लिहिलं होतं.

भेटायला सोडायला लागले त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मला जायचं नव्हतं, पण न जाण्यासाठी सांगायला कारण नव्हतं. साहेबांचं अर्धं डोकं आणि गाल पट्टीत होता. उजवा हात कोपरापासून बांधलेला, त्याची दोन बोटं गेली होती. विमलला बघून ते उठायला लागले, तिने हातानेच थांबवलं.

"आप ठीक पूछी थीं दीदी," ते म्हणाले. बोलताना त्यांचे ओठ नीट हलत नव्हते. "मैं दाहिनी करवट गिरा. रिवॉल्वर नीचे दबा था. दाहिना हाथ उसके मुँह में. बायाँ पहुँचा ही नहीं."

विमलने डोळे मिटले.

"एक बात पूछूँ? आपका मन क्यों बदला? भैया बोले, आप ही ने छाती वाला मना कर दिया."

त्या वॉर्डात आठ खाटा होत्या, माणसं बोलत होती, बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. विमलने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादा टाका कुठे चुकला ते बघावं, तसं बघितलं. मी तिच्या चपलांकडे बघत राहिलो.

मग ती साहेबांना म्हणाली, "चुकलं साहेब. माझा अंदाज चुकला."

"अरे नहीं दीदी," साहेब म्हणाले. "जंगल में किसका अंदाज सही निकलता है." आणि हाताला पट्टी बांधलेला तो माणूस तिचीच समजूत घालत राहिला.

ऑटोने घरी निघालो. तेलीबांध्याच्या तळ्याजवळ सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा तिने समोर बघतच विचारलं, "काहून जी?"

का केलं, ते मला ठाऊक होतं. सिग्नल सुटला. तिने पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. लाज वाटली, भीती वाटली, ते तर होतंच. पण घरी आल्यावर पाय धुताना माझ्या लक्षात आलं की मला हेवाही वाटून राहिला आहे. तिच्या त्या एका वाक्याचा हेवा. माझी चूक तिने उचलून आपल्या डोक्यावर घेतली आणि त्यातही ती माझ्या वरच निघाली. इतक्या खाली गेलेला माणूस मी आधी पाहिला नव्हता, आणि तो मीच होतो.

चार दिवस मी दुकानात नुसता बसलो. पाचव्या दिवशी एकटाच दवाखान्यात गेलो आणि साहेबांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं. नमुने खणात टाकले तिथपासून. कशामुळे टाकले तेही सांगितलं. "जळत होतो साहेब," म्हणालो. दुसरा शब्द नव्हता.

साहेब छताकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "दीदी को मालूम है आप यहाँ आए हैं?"

"नाही."

"बता देना."

मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. "मेरा दाहिना अब काम का नहीं रहा. बाएँ हाथ का बनवाना है. नाप लेने दीदी को भेजिए. आप मत आइएगा."

घरी जाऊन मी विमलला जे घडलं ते शब्दशः सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी टेप, पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन ती दवाखान्यात गेली. दुकानात आल्यावर पिशवीतून ते जुने नमुने काढून तिने मापं डावीकडची करून घेतली.

महिनाभर ती त्याच कामावर होती. खांद्यावरून येणारा पट्टा रुंद केला, म्हणजे वजन टोचणार नाही. बक्कल असं बसवलं की एका हाताने लागेल. कच्चं होल्स्टर तयार झाल्यावर तिने ते माझ्या छातीवर बांधलं, त्यात सागवानी ठोकळा घातला आणि दुकानातल्या फरशीवर मला झोपवलं.

"उताणे व्हा. काढा आता, डाव्या हातानं."

मी काढला.

"आता डाव्या अंगावर वळा. काढा."

निघाला नाही. तिने खाली बसून खूण केली, पट्टा दोन बोटं वर घेतला, मला पुन्हा झोपवलं. मग पालथं, मग गुडघ्यांवर, मग धडपडत मागे. गल्लीतले दुकानदार दारात उभे राहून हसत होते. साठीच्या घरातला मी, धुळीत लोळत होतो. ती सूड घेऊन राहिली आहे असं मला क्षणभर वाटलं. मग तिचं तोंड बघितलं. कपाळाला आठ्या घालून ती फक्त माझा हात कुठे अडतो ते बघत होती. सूड घ्यायला तिला सवडच नव्हती.

साहेब पुन्हा कामावर गेले. आधी टेबलावरचं काम दिलं, नंतर परत जंगलात फिरायला लागले. ते होल्स्टर अजून वापरतात. त्यातून रिव्हॉल्व्हर काढायची वेळ आली नाही, असं त्यांनी विमलला फोनवर सांगितलं. माझ्याशी ते बोलत नाहीत.

हल्ली प्लास्टिकचं तयार होल्स्टर घरबसल्या मागवता येतं. शहरातलं गिऱ्हाईक बरंच तिकडे गेलं आणि दुकान अर्ध्यावर आलं. पण जंगलात पायी फिरणारी माणसं अजून आमच्याकडे येतात, साहेबांच्या सांगण्यावरून. आमची पोट्टी तेलीबांध्याला एका ऑफिसात आहे. ती घरी हिंदीतच बोलते आणि आईच्या कामाचे फोटो काढून फोनवर टाकते. फोटोत मी कुठे नसतो. दुकान आता विमलचं आहे. मी कातडं कापतो, ठोकळे कोरतो, सांगितलं की जमिनीवर पडतो. वाईट दिवस नाहीत. पण कोणी दारातून "दीदी हैं?" असं विचारलं की छातीत अजूनही बारीक काहीतरी टोचतं. माणूस चूक कबूल करतो, म्हणून त्याचा स्वभाव बदलतोच असं नाही.

मागच्या महिन्यात वनखात्याची दोन माणसं आली होती, एक अधिकारी आणि एक तरुण बाई, नुकतीच भरती झालेली. विमलने तिला बसवलं, वाकवलं, पळायला लावलं, विचारलं की तिचा कोणता हात आधी पुढे जातो. मी आत बसून ऐकत होतो. माप झाल्यावर त्या बाईने विचारलं, "दीदी, ये सब आपने किससे सीखा?"

माझा हात आरीवर थांबला.

विमलने टेप गुंडाळत उत्तर दिलं. "सिलाई इनसे. बाकी मेरा."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तरी मला वाटून गेलं, थोडं खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं.